मोठ्या बाई आणि गुलाबी औषध

आमच्या मोठ्या बाई सकाळी शाळेच्या गेटवर उजवा हात डाव्या काखेत खुपसून उभ्या असायच्या. नवीन पालकांना वाटायचं, बाईंच्या हाताला काहीतरी लागलंय. एका आईने तर मला बाजूला घेऊन विचारलंही, "टीचर, मॅडमना फ्रॅक्चर आहे का?" फ्रॅक्चर कसलं डोंबलाचं. बाई हात गरम करत असायच्या. थंड हात मुलाच्या मानेला लावला की प्रत्येक मूल तापलेलंच वाटतं, असं त्यांचं म्हणणं. नेरूळच्या हवेत कुणाचा हात कधी थंड पडलाय? पण हे त्यांना सांगायला जाणार कोण.

मी त्या शाळेत चौथीची वर्गशिक्षिका होते आणि त्या मुख्याध्यापिका. सगळ्या शाळेला त्या मोठ्या बाई. उंचीने माझ्या खांद्याला लागायच्या, ते सोडा. सुती साडी, खाली पोरांचे असतात तसले पांढरे बूट, आणि चहा स्टीलच्या पेल्यातून. कुणाचं कौतुक करणं त्यांना जमायचं नाही. फार खूश झाल्या की म्हणायच्या, "ठीक आहे, चालेल." माझ्या लग्नात स्टेजवर येऊन, नवऱ्याकडे खालपासून वरपर्यंत बघून, त्या हेच म्हणाल्या होत्या. नवरा अजून ऐकवतो.

तर ते गेट. करोनाच्या वेळी आणलेली, कपाळाला लावायची ती तापाची बंदूक शाळेत होती, पण बाईंचा तिच्यावर काडीचा विश्वास नव्हता. "बंदूक कपाळाशी बोलते, मी मुलाशी बोलते," असं त्या म्हणायच्या आणि बोलायच्याही. एखादं पोर जरा मलूल दिसलं की मानेवर हात आणि एकच प्रश्न, "आज सकाळी पोटात काय काय गेलं?"

हा प्रश्न कुठून आला ते सांगायला हवं. आमच्याकडचे बहुतेक आईबाप दोघंही नोकरीवाले. पोराला रात्री ताप आला की सकाळी तापाचं गुलाबी औषध पाजायचं, अंग गार पडलं की युनिफॉर्म चढवायचा आणि शाळेत ढकलायचं. औषधाचा असर उतरायचा मधल्या सुट्टीनंतर. मग ते पोर बाकावर डोकं टेकायचं. फोन करावा तर आई ऐरोलीला मीटिंगमध्ये, बाप उरणला कंटेनरच्या गोदामात. तोवर शेजारच्या तीन पोरांनी त्याच्याच बाटलीतून पाणी प्यायलेलं असायचं. कुणाला हौस असते हो? रजा मागितली की साहेबाचं तोंड बघवत नाही. पण आठवड्याभरात अर्धा वर्ग खोकायला लागायचा आणि वर्गाबरोबर मीही.

मुलं ताप लपवतात, पण खाल्लेलं कधी लपवत नाहीत, हे बाईंनी ओळखलं होतं. "चहा, खारी आणि गुलाबी औषध," असं पहिलीतलं पोर मोठ्या अभिमानाने सांगायचं. की झालं. तिथूनच आईला परत बोलवा. मग आयाही शहाण्या झाल्या, पोरांना पढवून पाठवायला लागल्या. एकदा एक मुलगी म्हणाली, "दूध, बिस्कीट, आणि आई म्हणालीय ते सांगायचं नाही." मी तोंडावर रुमाल धरला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी त्या आईला फोन लावला आणि शांतपणे म्हणाल्या, "खोटं बोलायचंच तर तुम्ही बोला, मी समजून घेईन. पोरीला कशाला शिकवता?"

शाळेत सिक रूम होती, नाही असं नाही. जिन्याखाली. तिच्यात एक खाट, खाटेवर लेझमी, लेझमींवर ढोल आणि ढोलावर गणपतीच्या मखराचं थर्माकोल. आजारी पोराला झोपवायचं तर आधी तासभर सामान हलवायला लागायचं. बाई आल्या त्याच वर्षी त्यांनी खाट उचलून थेट स्वतःच्या ऑफिसात ठेवली, आपल्या टेबलाला लागून. तेव्हापासून ऑफिस हीच सिक रूम. बाई पगारबिलावर सह्या करतायत आणि शेजारी दुसरीतलं पोर घोरतंय, हे आम्हाला रोजचंच झालं. एकदा संस्थेचे चिटणीस आणि आणखी दोन माणसं मीटिंगला आली होती. सुटाबुटात. मीटिंग रंगात आली आणि खाटेवरच्या मुलाने भडाभडा उलटी केली, ती चिटणिसांच्या बुटापर्यंत गेली. चिटणीस पाय वर घेऊन म्हणाले, "मॅडम, हे ऑफिस आहे की दवाखाना?"

"सध्या दवाखाना," बाई म्हणाल्या. "याची आई निघालीय वाशीहून. ती येऊन गेली की ऑफिस." आणि मुलाच्या पाठीवरून हात फिरवत त्यांनी मीटिंग पुढे चालू ठेवली.

आमच्या शाळेत करावे गावातल्या एक मावशी होत्या, साफसफाई आणि पोरांचं सगळं त्या बघायच्या. त्या बादली घेऊन आल्या, चिटणिसांकडे बघून म्हणाल्या, "साहेब, पाय जरा वर धरा. पोराचा आंग गरम हाय, त्याला काय बोलू नका." चिटणिसांनी पाय तसेच वर धरले.

पण पोराला घरी ठेवा म्हणणं सोपं. घरात ठेवायचं कुणी? हे बाईंना कळत नव्हतं असं नाही. एका जूनमध्ये पालकसभेला त्यांनी हॉलच्या दाराला आतून कडी घातली. "प्रत्येकाने इथून जाताना एक दुसरं घर शोधून जायचं," म्हणाल्या. म्हणजे तुमचं पोर आजारी पडलं आणि तुम्ही अडकलात तर जे त्याला सांभाळेल ते घर. हॉलभर कुजबुज. आमच्या सोसायट्यांमध्ये समोरच्या दाराआड कोण राहतं ते पाटी वाचून कळतं, आणि ह्या म्हणतात पोर द्या. दिघ्याला कंपनीत शिफ्ट करणारी एक आई रडकुंडीला आली होती, तिला कुणीच ओळखत नव्हतं. शेवटी मागच्या रांगेतली एक बाई उठून म्हणाली, "मी तुमच्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहते." चार वर्षं दोघी एकाच लिफ्टने खालीवर करत होत्या. हल्ली त्या लोणचंसुद्धा एकत्र घालतात. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "ठीक आहे, चालेल."

त्याच वर्षी माझ्या वर्गात आफरीन परत आली. परत म्हणजे, दुसरीत असताना तिला रक्ताचा कॅन्सर झाला होता. खारघरच्या हॉस्पिटलात मोठी ट्रीटमेंट झाली, आता गोळ्या चालू होत्या आणि डॉक्टरांनी शाळेला परवानगी दिली होती. तिचे अब्बा उरणच्या बाजूला गोदामात सुपरवायझर, मूळचे रायगडातलेच. अम्मी घरी. पहिल्या दिवशी अम्मी मोठ्या बाईंच्या ऑफिसात आल्या आणि खाटेच्या कडेवर बसल्या. "मॅडम, डॉक्टर म्हणतात सर्दी-खोकला चालेल, लक्ष ठेवा. पण कांजिण्या आणि गोवर नको. वर्गात कुणालाही झालं तर आम्हाला त्याच दिवशी कळलं पाहिजे. लगेच इंजेक्शन दिलं तर निभावतं. उशीर झाला तर..." माझ्या वर्गात चाळीसच्या वर पोरं, आणि कुणाच्या घरी काय शिजतंय मला काय कळणार?

बाईंनी नोटीस काढली नाही. नोटिशीचा त्यांना तिटकारा होता. अम्मींना विचारून त्यांनी माझ्या वर्गाच्या पालकांना बोलावलं आणि सरळ सांगितलं, की ही मुलगी आहे, तिला हे झालं होतं, आणि तुमच्यातल्या एकाने काही लपवलं तर तिच्या जिवावर बेतेल. "पोराला पाठवू नका म्हणून मी घसा कोरडा केला," त्या म्हणाल्या. "आता एवढंच म्हणते, चुकून पाठवलंत तर फोन करा. मी ओरडणार नाही." हे ऐकून सगळे एकमेकांकडे बघायला लागले, कारण बाई ओरडत नाहीत ही बातमीच होती.

मुलांना मात्र त्यांनी एवढंच सांगितलं, "आफरीनला सध्या सर्दीसुद्धा परवडत नाही." पोरांना ते पुरलं. दुसऱ्याच आठवड्यात एक मुलगी माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाली, "बाई, मला शिंका येतायत. मी मागे बसू?" ओठ थरथरत होते, कारण तिची जागा आफरीनच्या पाठीमागेच होती आणि त्या दोघींचं गुळपीठ होतं. मोठी माणसं असं करत नाहीत.

आता आजोबांबद्दल. वर्गात ओजस नावाचा मुलगा होता, त्याचे आजोबा. साताऱ्याकडचे, सरकारी नोकरीतून निवृत्त, शर्टाचं वरचं बटणही लावलेलं. मुलगा-सून नोकरीला, नातवाचं सगळं आजोबांकडे. आमच्या शाळेत पूर्ण हजेरीचं मेडल द्यायची पद्धत होती. ओजसला ज्युनियर केजीपासून दरवर्षी ते मिळायचं आणि आजोबांनी सगळी मेडलं हॉलमध्ये काचेच्या कपाटात लावली होती. बाईंनी त्या वर्षी मेडल बंद केलं. आजोबा तणतणत आले. मी तिथेच होते.

"मॅडम, आमचा नातू एक दिवस शाळा बुडवत नाही. त्याचा हक्क काढून घेताय तुम्ही."

"आजोबा, इतक्या वर्षांत तो एकदाही आजारी पडला नाही?"

"पडला. पण शाळा बुडवली नाही. शिस्त म्हणतात याला."

"मग मेडल तुम्हाला द्यायला हवं," बाई म्हणाल्या. "आणि त्याच्या शेजारी बसून जी पोरं आजारी पडली, त्यांना काय देऊ?"

आजोबा लाल झाले. संस्थेकडे तक्रार गेली, पालकांच्या ग्रुपवर लांबलचक मजकूर गेला, 'मनमानी' हा शब्द त्यात तीनदा होता. गेटवर ते बाईंकडे बघेनासे झाले. आणि हा ओजस बसायचा कुठे? आफरीनच्या शेजारी. दोघांना चित्रं काढायचं वेड होतं, मी वेगळं बसवून बघितलं तर दोघंही रुसून बसायची.

डिसेंबरमधला एक रविवार. बाईंनी चाचणीचे पेपर तपासायला मला घरी बोलावलं होतं. बाई आणि त्यांची थोरली बहीण, दोघीच राहायच्या. बहिणीला ऐकू कमी, त्यामुळे टीव्ही जिन्यापर्यंत ऐकू यायचा. दुपारी तीनच्या सुमारास बेल वाजली. दारात ओजसचे आजोबा. वरचं बटण उघडं होतं. मला वाटलं, आता काय भांडण काढायला घरापर्यंत आले हे.

बाईंनी टीव्ही बंद केला. आजोबा उभेच राहिले. म्हणाले, "मॅडम, ओजसच्या अंगावर फोड आलेत. मी आत्ता डॉक्टरांकडून येतोय. कांजिण्या आहेत."

मला शुक्रवार आठवला. शुक्रवारी दोघं एकाच खडूच्या डबीवर वाकून फळ्याच्या कोपऱ्यात गलबत काढत होती.

"शुक्रवारी त्याला कणकण होती," आजोबा पुढे म्हणाले. "मीच औषध पाजलं. गेटवर तुम्ही विचारलंत, तेव्हा तो दूध-पोळी म्हणाला. मीच तसं शिकवलं होतं. मेडल नसलं तरी वही आहे माझी, मी हजेरी लिहून ठेवतो." त्यांनी दाराची चौकट धरली. "डॉक्टर म्हणाले, फोड यायच्या आधीपासूनच लागण होते. तो त्या मुलीच्या शेजारी बसतो ना?"

मी बाईंकडे बघितलं. मला वाटलं, आता या माणसाची धडगत नाही. आणि खरं सांगते, मला ते हवं होतं. मीच चार शब्द सुनावणार होते. पण बाईंनी खुर्ची पुढे ओढली, "बसा," म्हणाल्या, आणि फोन उचलून अम्मींना लावला. दोन वाक्यांत सगळं सांगितलं, कुणाचं पोर ते सांगितलं नाही. "आत्ता निघा, टॅक्सीची वाट बघू नका, शेजारच्यांना उठवा. शुक्रवार सकाळ, असं डॉक्टरांना सांगा. लक्षात राहील? शुक्रवार सकाळ."

मग त्यांनी आजोबांना पाणी दिलं.

"ती मुलगी वाचेल ना?" आजोबांनी विचारलं.

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "पण तुम्ही सांगायला आला नसता तर मला नक्की माहीत असतं."

आजोबा गेल्यावर मी बाईंना म्हटलं, "तुम्ही काहीच कसं बोलला नाहीत त्यांना?" बाई पेपरांचा गठ्ठा पुढे ओढत म्हणाल्या, "मी ओरडणार नाही म्हणून सभेत बोलले होते ना? आणि उद्या आणखी कुणाला यायचं असेल तर?"

संध्याकाळी आफरीनला इंजेक्शन मिळालं. पण तेवढ्याने सुटका नव्हती. कांजिण्या अंगात दबा धरून बसतात, आणि असं इंजेक्शन घेतलेल्यांत तर जास्तच, म्हणून महिनाभर तरी वाट बघायची होती. आफरीन घरी. रोज अम्मींचा फोन, आज नाही, आजही नाही. एकदा तिला ताप आला आणि हॉस्पिटलात ठेवलं, त्या दिवशी मी वर्गात भागाकार शिकवताना फळ्यावर काय लिहिलं देव जाणे. साधी सर्दी निघाली. बाई गेटवर तशाच उभ्या, हात काखेत, पण आता एकेका पोरापाशी इतका वेळ घ्यायच्या की प्रार्थना रोज उशिरा सुरू व्हायची. आजोबा समोरच्या फुटपाथवर येऊन थांबायचे. ओजस बरा होऊन शाळेत यायला लागला होता, त्याला सोडायचे आणि माझ्याकडे बघायचे. मी मान हलवून सांगायचे, अजून काही नाही. मग ते घरी जायचे. एवढा मोठा माणूस, आणि रोज तसा उभा राहिलेला बघवायचा नाही.

ग्रुपवर कुणीतरी विचारलंच, की कांजिण्या आणल्या कुणी? बाईंनी उत्तर दिलं, "कुणाच्याही घरात येऊ शकतात. ज्यांनी कळवलं त्यांचे आभार." बाईंनी आभार हा शब्द लिहिलेला मी तेव्हा पहिल्यांदा बघितला.

आणि मग एका गुरुवारी, मधल्या सुट्टीनंतर, मी हजेरीपत्रक द्यायला ऑफिसात गेले होते तेव्हा फोन वाजला. बाईंनी ऐकलं, "हं," म्हणाल्या, पुन्हा "हं," म्हणाल्या. मग फोन माझ्या हातात दिला आणि पाठ फिरवून खिडकीशी गेल्या. अम्मी रडत होत्या की हसत होत्या, मला आधी कळेना. "टीचर, डॉक्टर बोलले, आता टळलं. काही झालं नाही माझ्या पोरीला. सोमवारपासून पाठवू का?" मी हो म्हणाले की काय म्हणाले, मला आठवत नाही. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मी खाली बसले, ती खाटेवरच.

बाईंनी चष्मा पुसला. खाटेकडे बघितलं. माझ्याशिवाय तिच्यावर कुणी नव्हतं.

"मावशींना बोलवा," म्हणाल्या. मावशी आल्या. "सगळ्या वर्गांतून फिरून या. कुणाला बरं नाहीये का, कुणी डोकं टेकून बसलंय का, बघून या."

मावशी मजले चढून-उतरून दहा मिनिटांनी धापा टाकत आल्या. "कोनी नाय बाई. सगली पोरां बरी हायेत."

बाई उठल्या, बाहेर गेल्या आणि घंटा स्वतः वाजवली. आधी कुणाला काही कळेना. मग प्रत्येक वर्गाच्या दारात जाऊन त्या म्हणाल्या, "सुट्टी. बस येईपर्यंत मैदानात." पोरांना काय, कारण विचारतंय कोण? क्षणात सगळी शाळा खाली. धूळ, आरडाओरडा, कुणाचे बूट, कुणाची पाण्याची बाटली. मी धावत जाऊन ओजसला सांगितलं, तो गोल गोल पळतच सुटला. आजोबांना मी फोन केला.

आवाज बाहेर गेला असणार, कारण थोड्याच वेळात चिटणिसांचा फोन आला. बाईंनी तो मैदानाच्या कडेला उभ्या राहून घेतला. शेजारी मी होते, म्हणून दोन्हीकडचं ऐकू आलं.

"मॅडम, शाळा मैदानात आहे असं कळलं. कसली सुट्टी आज?"

"आज सगळी मुलं बरी आहेत."

"म्हणून सुट्टी?"

"मग काय," मोठ्या बाई म्हणाल्या, "आजारी पडल्यावरच द्यायची का?"